नवीन इश्यू वाचून झाला, आता मत द्यायचं कसं?

आमच्या बेळगावात कॉमिक वाचणारी माणसं कमी नाहीत, टिळकवाडीपासून वडगावपर्यंत आहेत, तिकडं खानापूर निपाणीला पण आहेत, पण नवीन इश्यू, म्हणजे सिरीजचा ताजा अंक, कसा वाटला म्हणून विचारलं की उत्तरं दोनच येतात, "एक नंबर गा" नाहीतर "फालतू". त्याच्या पुढं गाडी जातच नाही. मग तिसरा म्हणतोय मला तर आवडला बाबा, आणि विषय तिथंच मिटून क्रिकेटवर जातोय. म्हणून हे लिहायला घेतलं. चालू असलेल्या सिरीजचा ताजा इश्यू वाचून असं काहीतरी बोलता आलं पाहिजे की ऐकणाऱ्याला तो घ्यावा की नको ते कळेल, आणि त्यानं आधीच वाचला असेल तर भांडायला तरी धड मुद्दा मिळेल.

आधी कुठला इश्यू ते तरी सांगा

हे अगदी साधं वाटतंय पण अर्धी भांडणं इथंच होतात. बॅटमॅन नंबर एक म्हटलं तर कुठला? १९४० चा, २०११ चा, २०१६ चा, की सप्टेंबर २०२५ मध्ये मॅट फ्रॅक्शन आणि होर्हे हिमेनेझनं सुरू केलेला? आणि ऑक्टोबर २०२४ चा ॲबसोल्युट बॅटमॅन नंबर एक तो परत वेगळाच. अमेरिकन कंपन्यांना दर काही वर्षांनी नंबर परत एकपासून चालू करायची खोड आहे कारण एक नंबर लिहिलेला अंक जास्त खपतो, त्यामुळं सिरीजचं नाव, नंबर, वर्ष आणि लेखक चित्रकार एवढं पहिल्याच ओळीत टाकून द्यायचं. कव्हरवरच्या महिन्यावर जाऊ नका, तो बहुतेक वेळा अंक दुकानात आलेल्या तारखेच्या दोनेक महिने पुढचा असतोय. नंबरांची गंमत आपल्याकडं पण आहेच म्हणा, अमर चित्र कथेची ओळख ज्या कृष्ण अंकापासून सांगतात त्याचा नंबर ११ आहे, कारण आधीचे दहा परदेशी परीकथांचे होते. आणि ती काढणारे अनंत पै मूळचे कारकळचे, म्हणजे कर्नाटकातलेच, हे आमच्या कट्ट्यावर कन्नड मित्र महिन्यातनं एकदा तरी ऐकवतोच.

नंबर सांगितला की लगेच दुसरी गोष्ट सांगायची, तुम्ही स्वतः कुठंपर्यंत पोचलाय ती. अमेरिकेत नवीन कॉमिक बुधवारी येतंय, बॅटमॅन काढणाऱ्या डीसी कंपनीनं २०२० मध्ये मंगळवार धरला होता पण जुलै २०२४ पासून ते पण परत बुधवारवर आले. आता तिकडं बुधवारी आलेलं आपल्यापर्यंत कसं येतंय बघा. एकजण टॅबवर त्याच दिवशी वाचून मोकळा होतोय. दुसरा पार्सल मागवतोय, ते पावसाळ्यात कधी येईल ते देवालाच ठाऊक. तिसऱ्याचा भाऊ बेंगळुरूला नोकरीला, तो चर्च स्ट्रीटवरच्या ब्लॉसममध्ये जाऊन मिळेल ते उचलतोय आणि सुट्टीला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं येताना पिशवीत घेऊन येतोय. चौथा शहाणा, तो सुटे अंक घेतच नाही, पाच-सहा अंकांचं एकत्र पुस्तक निघालं की मगच घेतोय. ॲबसोल्युट बॅटमॅनचं पहिलं पुस्तक १ ते ६ अंकांचं आहे, म्हणजे पहिला अंक वाचणारा आणि हा यांच्यात महिन्यांचं अंतर. हे चौघं एकाच टेबलावर चहा पिणार. अशा वेळी "मी सातपर्यंत आहे, सातवर बोलणार" असं आधी सांगितलं की ज्याला उठून जायचं तो जातोय, ज्याला कानात बोटं घालायची तो घालतोय.

स्पॉयलरचा, म्हणजे गोष्ट आधीच फोडण्याबद्दलचा, आमचा नियम सांगतो, पटला तर घ्या. कंपनीनं अंक यायच्या आधी जाहिरातीत जे सांगितलंय ते खुशाल बोला. पहिली चार-पाच पानं पण चालतील. शेवटचं पान कुणाचंही, कधीही, कुठल्याही परिस्थितीत फोडायचं नाही. मंथली कॉमिकचा सगळा धंदाच शेवटच्या पानावर चाललाय, तेच फोडलं तर त्या माणसाचे चारशे रुपये पाण्यात. हो, चारशेच्या वरच, ४.९९ डॉलरचा हिशेब करून बघा.

मांगावाल्यांचं, म्हणजे जपानी कॉमिक वाचणाऱ्यांचं, वेगळं आहे. जपानमध्ये सोमवार चालू होतो तेव्हा आपल्याकडं रविवारी रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, आणि वन पीससारख्या सिरीजचा नवीन चॅप्टर त्याच वेळेला मांगा प्लस ॲपवर अधिकृत, इंग्लिशमध्ये, फुकट येतोय. तरी पण काही लोक आठवड्याच्या मधेच फुटलेली पानं बघून "बघितलास काय?" म्हणून फोटो टाकतात. अर्धवट, धुरकट, भाषांतराचा पत्ता नसलेल्या पानावर दिलेलं मत धरायचंच नाही असं आम्ही ठरवलंय. साडेआठनंतर बोला.

दोनदा वाचायचं, दुसऱ्यांदा फुगे सोडून

अमेरिकन मंथली अंकात गोष्टीची पानं वीस ते बावीसच्या आसपास असतात. पानाला पाच पॅनेल, म्हणजे चित्रांचे चौकोन, धरली तर शंभर-एक चित्रं झाली. पहिल्यांदा वाचायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, ती बिनधास्त गोष्टीसाठी वाचा, मधे व्हॉट्सॲप बघू नका एवढंच. खरं काम दुसऱ्या वाचनात आहे. दुसऱ्यांदा फुग्यांतलं, म्हणजे पात्रांचं बोलणं ज्यात लिहितात त्यातलं, काही वाचायचं नाही, नुसती चित्रं बघत जायचं. बोलणं न वाचता गोष्ट कळतेय काय? कोण कुठं उभा आहे, कोण कुणाकडं बघतोय, दार डावीकडं होतं ते पुढच्या पानावर उजवीकडं कसं गेलं, हे सगळं तेव्हा दिसतंय. चित्रकार तयारीचा असेल तर निम्मी गोष्ट तोंड न उघडता कळते. तसा नसेल तर पान फुग्यांच्या टेकूवर उभं आहे हे लगेच दिसून येतंय.

मग पानं उलटताना काय होतंय ते बघा. छापील कॉमिकमध्ये उजव्या पानाच्या शेवटच्या पॅनेलात काहीतरी अर्धवट ठेवतात, कुणीतरी दचकून मागं बघतोय, दाराची कडी हलतेय, आणि पान उलटलं की डाव्या बाजूला त्याचं उत्तर. धक्का द्यायचा असेल तर तो डाव्या पानावरच, कारण उजव्या पानावर ठेवला तर डावं वाचता वाचताच डोळ्याच्या कोपऱ्यातनं दिसून जातोय. चांगला लेखक लिहितानाच पानांचा हा हिशेब धरतो. आता अडचण काय आहे, आपल्यातले निम्मे लोक हे सगळं फोनवर वाचतात, खानापूर-बेळगाव बसमध्ये उभ्यानं, एका हातानं दांडी धरून, आणि ॲप एकेक पॅनेल मोठं करून दाखवतंय. त्यात पानाची रचनाच गायब. वाचा की तसं, वाचायला कोण नको म्हणतंय, पण मत द्यायच्या आधी घरी जाऊन एकदा पूर्ण पान दिसेल असं लावून बघा, आणि दोन पानांचं जोडचित्र असेल तर फोन आडवा करा. नाहीतर "पेसिंग (गोष्टीचा वेग) गंडलंय" म्हणून जे बोलणार ते अंकाचं पेसिंग की तुमच्या ॲपचं, हेच कळायचं नाही.

हे जवळनं बघायला ॲबसोल्युट बॅटमॅनचा पहिला अंक बरा आहे. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रगोटा, रंग फ्रँक मार्टिनचे, अक्षरं क्लेटन काउल्सची. ड्रगोटा काय करतो, पानात बारीक बारीक चौकोन ठासून भरतो, वाचणाऱ्याला जरा गुदमरायला होतंय, आणि मग एकदम मोठं चित्र सोडतो आणि त्यात हा बॅटमॅन उभा असतो, भिंतीएवढा. ती भव्यता आधीच्या बारक्या चौकोनांमुळं आहे. नुसतं "आर्ट कडक" म्हटलं तर यातलं काहीच ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही. "आधीच्या पानांवर बारीक पॅनेलं दाटून घातलीत म्हणून हे मोठं चित्र अंगावर येतंय" म्हटलं तर ज्यानं वाचला नाही त्याला पण अंदाज येतोय, आणि ज्यानं वाचलाय तो परत उघडून बघतोय.

एक सवय लावून घ्या. मतात एखादं विशेषण आलं, भारी, कडक, बोर, काहीही, की त्याच्या शेजारी पान नंबर आलाच पाहिजे. अमेरिकन अंकांवर बहुतेक वेळा पान नंबर छापलेलेच नसतात आणि मधे जाहिराती असतात, तेव्हा स्वतः मोजा, जाहिराती सोडून मोजा. मोजायचा कंटाळा आला तर विशेषण खोडा. आमच्यातल्या एकानं हे ऐकल्यावर सगळीच विशेषणं खोडली आणि उरलं काय तर "वाचला". तेवढंच खरं होतं.

कुणाचं काम कुणाच्या नावावर

पहिल्या किंवा शेवटच्या पानावर नावांची यादी असते ती वाचायची. लेखक, पेन्सिल करणारा, शाई करणारा, रंग भरणारा, अक्षरं टाकणारा, संपादक, आणि कव्हर काढणारा तर बऱ्याचदा आतल्यापेक्षा वेगळाच माणूस. कव्हर बघून अंक घेतला आणि आतलं चित्र वेगळं निघालं म्हणून आतल्या चित्रकाराला शिव्या घालणारे लोक मी बघितलेत, त्या बिचाऱ्यानं काय केलंय? एकाच अंकाला पाच-पाच कव्हरं काढतात आता, त्यांचं मत वेगळं द्या किंवा देऊच नका.

महिन्याला वीस पानं म्हणजे सुट्ट्या सोडल्या तर जवळजवळ रोज एक पान झालं. एकच माणूस वर्षानुवर्षं ते रेटू शकत नाही, म्हणून मधेमधे पाहुणा चित्रकार येतोय. ॲबसोल्युट बॅटमॅनच्या चौथ्या अंकात गॅब्रिएल हर्नांडेझ वाल्टा आला, सात आणि आठमध्ये मार्कोस मार्टिन आला. तेव्हा "ड्रॉइंग बदललं, मजा गेली" एवढंच बोलून चालणार नाही. विचारायचं असं की हा माणूस ह्या गोष्टीला शोभतोय काय. चौथा अंक मागच्या काळात जातोय, तिथं वाल्टाची शांत, साधी रेषा माझ्या मते बरोबर बसते, आजचा राक्षसी बॅटमॅन आणि तेव्हाचा अजून धडपडणारा ब्रूस (बॅटमॅनचं खरं नाव) यातला फरक चित्रातनंच कळतो. सात-आठमध्ये मिस्टर फ्रीझ हा खलनायक आहे. मार्टिनची चित्रं ड्रगोटापेक्षा मोकळी, रचना एकदम वेगळी, आणि त्या दोन अंकांची भीती त्या मोकळ्या जागेतनंच येते. कुणाला नाही आवडणार, ठीक आहे, पण मग का ते सांगायला लागेल. "पहिल्यासारखं नाही" हे कारण धरत नाही आम्ही.

रंग आणि अक्षरं याबद्दल तर कोण बोलतच नाही. दोन पात्रं मनात बोलत असतील तर चौकटींचा रंग वेगळा असतोय, तो नीट नसला की कोण बोलतंय तेच कळत नाही. फुगे चुकीच्या क्रमानं वाचले जात असतील तर दोष लेखकाचा नसतो, चित्रकारानं जागा सोडली नाही किंवा अक्षरवाल्यानं फुगा भलतीकडं टाकला. "डायलॉग कळाले नाहीत" असं वाटलं तर एकदा हे तपासा. मांगात असं झालं तर आधी उजवीकडनं डावीकडं वाचलंत ना ते बघा, नवीन माणूस हमखास उलटं वाचतोय आणि मग म्हणतोय गोष्ट डोक्यावरनं गेली.

"काहीच घडलं नाही" म्हणायच्या आधी

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकायला मिळते. जानेवारी २०२४ ला अल्टिमेट स्पायडर-मॅन आला, जोनाथन हिकमन लेखक आणि मार्को केकेटो चित्रकार, आणि त्यातला पीटर पार्कर लग्न झालेला, दोन पोरांचा बाप. आमच्याकडं तिशी-चाळिशीतल्या सगळ्यांना तो लगेच आवडला, का ते सांगायला नको. त्याचा चौथा अंक, तो डेव्हिड मेसिनानं काढलाय, त्यात बराचसा वेळ पीटर, त्याची बायको एमजे, आणि हॅरी-ग्वेन हे दुसरं जोडपं जेवायला बसलेत आणि बोलतायत. आमच्यातल्या एकाचं मत आलं, "नुसतं हॉटेलात जेवूलालेत, पैसे वाया".

आता अशा अंकावर मत देताना मारामारी किती झाली ते मोजायचं नसतं. अंकाच्या सुरुवातीला कुणाला काय माहीत होतं आणि शेवटी कुणाला काय माहीत झालं हे बघायचं. नाती हलली काय? टेबलावरचा एखादा गप्प बसला आणि दुसऱ्यानं ते ओळखलं असं काही आहे काय? चित्रकारानं चार माणसं एका टेबलाभोवती वीस पानं दाखवताना कंटाळा येऊ दिला की नाही, चेहरे, हात, कॅमेरा कुठून लावलाय, हे बघायचं. लढाईचं पान काढणं सोपं असतंय असं मी म्हणत नाही, पण जेवणाचं पान वाचनीय करणं जास्त अवघड, आणि मला तो अंक त्या सिरीजमधला लक्षात राहिलेला अंक वाटतो. ज्याला हे सगळं बघून सुद्धा पैसे वाया वाटले त्याचं मत मी ऐकीन, कारण मग तो निदान कुठलं बोलणं लांबलं ते तरी सांगेल.

दुसरी बाजू पण आहे. काही लेखक पुस्तकाचा हिशेब डोळ्यापुढं ठेवून लिहितात, पाच-सहा अंकांची गोष्ट आणि तिसरा-चौथा अंक नुसता ताणलेला. तो ओळखायची खूण एकच, तो अंक काढून टाकला तर पुढच्या अंकात काही अडलं असतं काय? नसेल अडलं तर म्हणा खुशाल भरती आहे. पण हे तुम्हाला पुढचा अंक आल्यावरच कळणार, तोपर्यंत "आत्ता तरी भरती वाटतेय" एवढंच म्हणून ठेवा. शितावरून भाताची परीक्षा हे भाताला ठीक आहे, सहा भागांच्या गोष्टीतल्या दुसऱ्या भागावरून सिरीजचा निकाल लावायचा नसतो. पहिल्या अंकाला उगाच डोक्यावर घेतात ते पण याच कारणानं, पहिल्या अंकात सगळी वचनंच असतात, फेडायचं काहीच नसतं.

मांगाच्या एका चॅप्टरवर मत देताना तर आणखी सांभाळून. पंधरा-सोळा, फार तर वीस पानं, आठवड्याला. वन पीस १९९७ पासून चाललंय आणि अकराशेच्या वर चॅप्टर झालेत, त्यात एका रविवारी गोष्ट दोन पावलं पुढं गेली नाही म्हणून आकांत करायचं काय कारण आहे. माझं म्हणणं, तीन-चार चॅप्टर साठवायचे आणि एकदम बोलायचं. पण रविवारी साडेआठला गप्प बसणं कुणाला जमतंय, ते पण खरंच.

जुनं, लांबलेलं आणि काकांचा वेताळ

मधे मोठी सुट्टी घेतलेल्या सिरीज असतात. सागा घ्या, ब्रायन के. वॉन आणि फियोना स्टेपल्स, २०१२ ला चालू झालं, जुलै २०१८ ला ५४ व्या अंकानंतर थांबलं ते थेट जानेवारी २०२२ ला ५५ वा अंक आला. अशा अंकावर मत द्यायच्या आधी मागचे दोन-तीन तरी परत वाचा, कारण साडेतीन वर्षांत आपण निम्मी नावं विसरलेलो असतो आणि "काही कळालं नाही" हा दोष मग अंकावर ढकलतो. हिंदीतल्या राज कॉमिक्सच्या सर्वनायक मालिकेची वाट बघणाऱ्यांना हे सांगायलाच नको, त्यांचं अर्धं आयुष्य पुढच्या भागाची वाट बघण्यात चाललंय. नागराज आणि ध्रुव वाचत वाढलेली माणसं आपल्याकडं भरपूर आहेत, सुट्टीला मिरज-सांगलीला मामाकडं जाऊन वाचायची. उशीर झाला याचा राग एका ओळीत काढून टाका आणि मग आत काय आहे त्याच्यावर बोला. राग आणि मत एकत्र कालवलं की दोन्हीची चव जाते.

आणि काका. प्रत्येक कट्ट्यावर एक काका असतातच, ते म्हणतात "वेताळासारखं आता काय राहिलं नाही बघ". वेताळ म्हणजे इंग्लिशमधला फँटम. त्याच्या गोष्टी छापणारं इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० चाललं, मराठीत पण निघायचं, आणि बेळगावात त्याचे गठ्ठे अजून घराघरांत माळ्यावर आहेत. काकांना उडवून लावू नका. त्यांना विचारा, काय होतं त्यात जे यात नाही? बहुतेक उत्तर येतंय की एका अंकात गोष्ट संपायची. ते खरंच मोलाचं मत आहे, आजच्या कितीतरी अंकांबद्दल हेच म्हणता येईल. फक्त त्यांना एवढं सांगा की ली फॉकचा वेताळ १९३६ पासून मूळ पेपरात रोज दोन-तीन चौकोन असा यायचा, आणि इंद्रजालमध्ये तेच चौकोन कापून, वाढवून पानावर बसवलेले असायचे. म्हणून दर थोड्या चौकोनांनी कुणीतरी मागचं परत सांगतंय आणि पुढं काय होणार म्हणून थांबतंय. आजचा अंक पान धरून रचलेला असतो. दोन्हीचा वेग एकाच मापानं मोजला तर कुणावर तरी अन्याय होतोच. काका हे ऐकून म्हणाले "असूं दे, तरी वेताळच भारी". चालतंय.

आता लिहून दाखवतो

आधी नेहमी येतं तसलं मत: "ॲबसोल्युट बॅटमॅन १ वाचला. जबरदस्त. आर्ट कडक. बॅटमॅन लई मोठा दाखवलाय. नसेल वाचला तर वाचाच. १०/१०."

आता तेच जरा बसून: "ॲबसोल्युट बॅटमॅन, नंबर १, ऑक्टोबर २०२४, स्नायडर आणि ड्रगोटा. मी एवढाच वाचलाय, पुढचं सांगू नका. यातला ब्रूस श्रीमंत नाही, इंजिनिअर आहे, आई जिवंत आहे. गोष्ट आपल्याला आल्फ्रेड सांगतोय आणि इथं तो घरचा बटलर नाही, बाहेरनं पाठवलेला एजंट आहे, त्यामुळं ८५ वर्षांचं जुनं पात्र मला परत लांबनं, परक्यासारखं बघायला लागलं, ते आवडलं. छातीवरचं वटवाघूळ काढून कुऱ्हाडीसारखं वापरतो ते बघून आधी हसू आलं, पण ह्या बॅटमॅनकडं पैसे नाहीत, जे आहे ते अंगावरच, म्हणून पटलं. मास्कवाली टोळी मात्र नुसती गर्दी वाटली, त्यातला एक चेहरा लक्षात नाही. बारीक पॅनेलं फोनवर वाचू नका, डोळे जातात. पुढचा घेणार."

यात मार्क नाहीत बघा. मार्कांची मला ॲलर्जी आहे, कारण दहापैकी सात म्हटलं की सगळे सातवर भांडतात आणि अंक बाजूला राहतो. तुम्हाला द्यायचेच असतील तर शेवटी द्या. त्यापेक्षा "पुढचा घेणार / नाही घेणार" हे जास्त उपयोगी, कारण त्यात तुमचे पैसे अडकलेत.

यूट्यूबवर कोण काय म्हणालं, कुठलं कव्हर किती रुपयाला विकलं जातंय, पुढच्या सिनेमात हे येणार काय, यातलं काही मतात घालायचं नाही. "माझा बॅटमॅन असं करणार नाही" हे पण नको, ह्या सिरीजनं स्वतःसाठी जे नियम ठरवलेत ते तिनं पाळले काय, तेवढं बघायचं. आणि न आवडलेल्या अंकाबद्दल लिहून त्यात थेट चित्रकाराला टॅग करायची खोड असेल तर ती आजच सोडा.

वाद होणारच. आमच्याकडं एकजण मराठीत बोलतोय, दुसरा कन्नडमध्ये उत्तर देतोय, तिसरा हिंदीत मधे पडतोय आणि सगळ्यांना सगळं कळतंय, त्याचं काही अडत नाही. गंमत म्हणजे सीमाप्रश्नावर ही माणसं एकमेकांसमोर किती जपून बोलतात, आणि स्पायडर-मॅनचं लग्न मोडायला हवं होतं की नको यावर टेबल आपटतात. कुणाचं मत पटलं नाही तर त्याला पान विचारा. "कुठल्या पानावर तुला असं वाटलं?" एवढंच. पान उघडून दोघांनी एकत्र बघितलं की निम्मे वाद मिटतात आणि उरलेले निम्मे चांगले रंगतात.

सिरीज सोडायची असेल तर ती पण नीट सोडा. कंटाळा आला म्हणून लगेच नको, चालू गोष्ट जिथं संपते त्या अंकापर्यंत थांबा, मग ठरवा, आणि मत देताना कुठल्या अंकाला सोडली आणि का ते स्पष्ट सांगा. सोडलेल्या सिरीजच्या पुढच्या अंकांवर ऐकीव माहितीवरनं बोलायचं नाही, तो हक्क गेला. वर्षभरानं परत घ्यावीशी वाटली तर घ्या की, फक्त तेव्हा मधले किती अंक वाचलेले नाहीत ते आधी सांगून मग तोंड उघडायचं.